कुणाची म्हैस सुटली?

आपल्या हॉस्टेलमध्ये पहाटे साडेपाचला जागे असणारे लोक दोनच प्रकारचे. एक, ज्यांची रात्र अजून संपलेलीच नाही, म्हणजे सबमिशनवाले. आणि दुसरे, सोलरचं गरम पाणी संपायच्या आत बादली लावून नळापाशी उभे राहणारे. गेल्या वर्षापासून त्यात तिसरा प्रकार वाढलाय. आम्ही चार-पाच पोरं ग्राउंडवर पळायला जातो. पहिल्या दिवशी वॉचमन मामांनी रजिस्टर पुढं केलं आणि 'बाहेर जाण्याचे कारण' या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. 'पळायला' म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, "ते झालं. पण कशासाठी?"

मामांचा काही दोष नाही. हा प्रश्न माझ्या गावातही रोज पहाटे विचारला जातो. फक्त तिथली भाषा जरा वेगळी आहे.

मी कडेगावचा. जिल्हा सांगली, पण बाजारहाट, दवाखाना, कॉलेज सगळं कराडला, त्यामुळे अर्धा जीव सातारा जिल्ह्यात. कडेगाव म्हटलं की लोकांना मोहरमचे उंच ताबूत आठवतात. फार तर कुणी सांगतं, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे तुमच्याच तालुक्यात ना? हो, आमच्याच. पण आमच्याकडे डिसेंबरात पहाटे पाच वाजता कॅनॉलवर तीस-पस्तीस माणसं पळतात, हे कुणाला माहीत नाही. आणि त्यांना वाटेत भेटणारा प्रत्येक म्हातारा हातातली चूळ टाकून एकच प्रश्न विचारतो, "काय रं, कुणाची म्हैस सुटली काय?"

आता यातली गंमत बघा. पळणं आमच्या भागाला काही नवीन नाही. तालमीतले पैलवान पहाटे रस्त्याला रपेट मारतात, ती कित्येक पिढ्यांची रीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ आणलं, तेव्हापासून तर आमच्याकडे प्रत्येक घरात एक तरी पोरगं 'मेहनत' करणारं असतंच. पैलवान रपेट मारतो ती दमसास वाढवण्यासाठी. भरतीची पोरं पळतात ती सोळाशे मीटरसाठी. शाळेची पोरं पळतात ती शाळेची घंटा झाली म्हणून. थोडक्यात काय, आमच्याकडे पळणाऱ्या माणसाकडं कारण असावं लागतं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, मेडिकलचं दुकान चालवणारा माणूस अंधारात कानटोपी घालून पळायला लागला, की एकतर म्हैस तरी सुटली असणार, नाहीतर डोकं तरी फिरलं असणार!

तर त्या मेडिकलवाल्या काकांनीच हा ग्रुप चालू केला. कोविडनंतर त्यांना शुगर निघाली. दिवसभर लोकांना शुगरच्या गोळ्या विकणाऱ्या माणसाला स्वतःसाठी पट्टी फोडायची वेळ आली, त्याचा त्यांना भारी राग आला होता. २०२१ च्या थंडीत ते एकटे चालायला लागले. मग एक रिटायर पी.टी. सर आले, बँकेतले एक साहेब आले, जिल्हा परिषद शाळेतल्या दोन मॅडम आल्या. भरतीची पोरं तिथं आधीपासून होतीच, पण ती ह्यांच्याकडं बघायची पण नाहीत. पोरं सुसाट जायची, मागून काका हळूहळू यायचे. मी दोन वर्षांनी, सेकंड इयरची लेखी परीक्षा आटपून सुट्टीला घरी गेलो, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यात गेलो. आईनं ढकललं म्हणून. 'हॉस्टेलवर राहून नुसता फुगलायस' हे तिचं मत.

कॅनॉलबद्दल थोडं सांगायला पाहिजे, विशेषतः आपल्या सिव्हिलवाल्यांसाठी. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी कराडजवळून पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून आमच्या दुष्काळी भागात आणलंय. एकदा वर चढवलेलं पाणी पुढं आपोआप वाहायला पाहिजे, म्हणून कॅनॉलला उतार असतो, पण इतका किरकोळ की पायाला कळतसुद्धा नाही. कॅनॉलच्या कडेनं देखभालीचा मातीचा रस्ता आहे. गाड्या जवळजवळ नाहीत, डांबर नाही, चढ नाही. लाखो रुपये घालून सिंथेटिक ट्रॅक बांधतात, त्याच्या खालोखाल गुडघ्याला सुख देणारी जागा सरकारनं पाणी वाहण्यासाठी करून ठेवलीय! फक्त डिसेंबरात त्या पाण्यावरून जी थंडी येते ती थेट बरगडीत शिरते. बाजूच्या उसातून धुकं उठतं आणि टॉर्चचा उजेड पाच फुटांवर भिंतीला लागल्यासारखा थांबतो.

सरांचं आठवड्याचं टाइमटेबल ठरलेलं. सोमवार सुट्टी. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार हळू पळणं. बुधवारी कॅनॉलवरच्या दोन बाभळींच्या मधे जोरात आणि परत येताना चालत, असे आठ फेरे. शनिवारी कडेपूरच्या डोंगराईच्या डोंगराला चढाचे फेरे. रविवारी लांब. हळू पळण्याची सरांची व्याख्या साधी होती. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की तुम्ही जोरात पळताय. म्हणून मंगळवारी आमच्याकडं उसाचा दर, बदल्या, कुणाच्या पोरीचं लग्न, सगळं पळता पळता व्हायचं. काका तर एकदा अख्खं बँकेचं कर्जप्रकरण साहेबांशी बोलून मोकळे झाले. साहेबांना दम लागल्यामुळं नाही म्हणता आलं नाही, असं मॅडम म्हणतात.

मला सुरुवातीला हे हळू प्रकरण म्हणजे म्हाताऱ्यांची सोय वाटायची. पण सर म्हणाले ते खरं आहे. हळू आणि पुष्कळ पळण्यानं स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींना ऑक्सिजन वापरायची सवय लागते. हे काम जोरात पळून उरकता येत नाही. जगातले मोठमोठे लांब पल्ल्याचे धावपटूसुद्धा आठवड्यातलं बहुतेक पळणं सावकाशच करतात.

आणि थंडीच का? ह्याचं उत्तर मी थर्मोच्या वहीच्या मागच्या पानावर काढलं. (ह्या विषयात वहीचं मागचं पान जास्त वापरलं गेलं, हे सर वाचत असतील तर त्यांनी सोडून द्यावं.) माणसाला एक किलोमीटर पळायला वजनाच्या दर किलोमागं साधारण एक किलोकॅलरी लागते. म्हणजे साठ किलोच्या पोराला दहा किलोमीटरला ६०० किलोकॅलरी. आपलं इंजिन काही फार एफिशियंट नाही. त्यातल्या तीन चतुर्थांशाची तरी निव्वळ उष्णता होते. धरा ४५०. अंगाची स्पेसिफिक हीट ०.८३ धरली आणि ही उष्णता बाहेर पडलीच नाही असं मानलं, तर तापमान नऊ अंशांनी वाढेल. सदतीस अधिक नऊ... म्हणजे माणूस दहा किलोमीटर पुरे करायला शिल्लकच राहणार नाही! म्हणून घाम येतो. एक लिटर घाम अंगावरून वाळला की ५८० च्या आसपास किलोकॅलरी घेऊन जातो. एप्रिलमध्ये हृदयाला दोन कामं, स्नायूंना रक्त पुरवायचं आणि कातडीलाही पुरवायचं. डिसेंबरच्या पहाटे कातडीचं काम बरंचसं थंड हवाच करते. तोच माणूस, तेच पाय, आणि तरीही दोन किलोमीटर जास्त जातो. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत भरवतात ती काय उगीच नाही.

पण पहिली दहा मिनिटं वाईट. बोटं वाकत नाहीत, नाकातून पाणी, मांड्या लाकडाच्या. सर आधी दहा मिनिटं चालवायचे, मग पाय झुलवणं, गुडघे उचलणं, आणि ताणायचे व्यायाम सगळे शेवटी. ओल्या बनियनवर कुणी चहाला बसलं की चिडायचे. आधी कोरडा शर्ट, मग गूळ-शेंगदाणे, मग चहा. जानेवारीत शाळूला कणसं भरली की कुणाच्या तरी रानात हुरडा. त्या दिवशी पळणं कमी आणि बसणं जास्त, हे ओघानं आलंच.

कॅनॉलवर जायला आधी थोडा मोठा रस्ता ओलांडायचा असतो, आणि तिथं खरी भीती. थंडी आणि कारखान्याचा सीझन एकदमच. रात्रभर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालू. ट्रॅक्टरला पुढं दिवे आणि मोठमोठी गाणी, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि शेवटच्या ट्रॉलीला मागून काहीही नाही. धुक्यात ती दिसते तेव्हा तुम्ही तिच्या उसाला हात लावण्याइतके जवळ असता. एका मोटारसायकलवाल्याचं तसं झालं. वाचला, पण पाय गेला. त्यानंतर काकांनी लाल रिफ्लेक्टर पट्टीचे रोल आणले आणि एका रविवारी आम्ही पळण्याऐवजी तोडणीवाल्यांच्या कोप्यांवर जाऊन पट्ट्या चिकटवत बसलो. ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना, एका बैलाच्या शिंगालासुद्धा. (ती बैलाला आवडली नाही.)

तिथं जाणवलं की आपण पाचला उठतो म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. त्या बायका आमच्याही आधी उठून भाकऱ्या थापून, कोयता घेऊन फडात निघालेल्या असतात. टोळी बीड जिल्ह्यातली. मुकादमानं विचारलं, तुम्ही लोक पळता कशाला? आम्ही काहीतरी तब्येत वगैरे बोललो. मग त्यांच्यातला एकजण पट्टी दाबता दाबता म्हणाला, "आमच्या आष्टीचा साबळे पळतो की."

अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, आणि सुवर्ण गेलं ते सेकंदाच्या विसाव्या भागानं. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ह्या शर्यतीची फायनल गाठणारा पहिला भारतीय पुरुष. बायकांत तर आमच्या उत्तरेकडची, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर त्याच्याही आधी, २०१६ ला रिओत ह्याच शर्यतीच्या फायनलमध्ये दहावी आली होती. पावसानं कायम तोंड फिरवलेले दोन तालुके, आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायच्या शर्यतीत दोघं जगात! असो. हे मी तेव्हा मनात म्हटलं आणि हसलो, पण माझ्या शेजारी पट्टी कापत बसलेला दादा हसला नाही.

दादाबद्दल मला सांगायचंच होतं.

दादा आमच्या गल्लीतला. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. मी शाळेत असताना तो म्हणजे गल्लीचा हिरो. सैन्याच्या भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की पळण्याचे पुरे साठ गुण मिळतात. दादा ते आरामात मारायचा, वर येऊन हसायचा पण. २०१९ ला त्याचं ग्राउंड झालं, मेडिकल झालं, लेखीला थोडक्यात राहिला. पुढच्या वर्षी नक्की, असं सगळेच म्हणाले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. भरती थांबली. त्याच वर्षी त्याला एकवीस पूर्ण झाली. वयात सूट मिळेल म्हणून तो दोन वर्षं एकटा कॅनॉलवर पळत राहिला. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि त्या एका वर्षापुरती वयोमर्यादा तेवीस झाली. दादा म्हणायचा, "आईनं चार महिने उशिरा जन्म दिला असता तर बसलो असतो." आई समोर असली तरी म्हणायचा.

त्यानंतर त्यानं बूट माळ्यावर टाकले. विटा रोडला टू-व्हीलरच्या गॅरेजमध्ये लागला. काकांनी त्याला चार वेळा बोलावलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "आता कशाला?"

शेवटी काकांनी दुसरी युक्ती काढली. मॅडम लोकांच्या मागं उजेड धरायला गाडी पाहिजे, अंधारात कुत्री अंगावर येतात, तू नुसता गाडीवर बस. ह्याला नाही म्हणणं अवघड. डिसेंबर २०२३ ला मी गेलो तेव्हा दादा रोज फर्स्ट गिअरमध्ये मागं मागं यायचा. आता ज्यांनी थंडीत गाडी चालवलीय त्यांना माहीत आहे, पळणाऱ्यापेक्षा गाडीवरच्याला जास्त गारठा लागतो. दहाव्या-अकराव्या दिवशी त्यानं गाडी माझ्या हातात दिली. "हात गळून पडले राव. तू धर, मी जरा पळतो."

आणि गेला. धुक्यात दोन सेकंदांत दिसेनासा झाला. मी गाडी घेऊन मागं, पण मॅडमना सोडून पुढं जाता येईना. भरतीच्या पोरांनी कॅनॉलवर सोळाशे मीटरला एक दगड चुन्यानं पांढरा करून ठेवलाय. आम्ही तिथं पोचलो तेव्हा दादा त्या दगडाला हात लावून वाकून उभा होता. धापा टाकत. काका म्हणाले, "चल की पुढं." तो म्हणाला, "काका, पाय आपोआप थांबतात इथं."

कुणीच काही बोललं नाही. सर मात्र दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मागं लागले. शिक्षा काय, तर सगळ्यात हळू पळणाऱ्या मॅडमच्या पुढं जायचं नाही. आणि घड्याळ काकांच्या खिशात. तुम्हाला सांगतो, तो माणूस हैराण झाला. पाच मिनिटं जीव तोडून पळणाऱ्याला पन्नास मिनिटं रमतगमत पळवून बघा! पाय पुढं पुढं जायचे, तो स्वतःला मागं ओढायचा. शिवाय बोलायचं. मॅडम शाळेतल्या पोरांबद्दल विचारल्यासारखं विचारायच्या आणि उत्तर पूर्ण वाक्यात लागायचं. चार वर्षांत घरी जे बोलला नव्हता ते सगळं त्या कॅनॉलवर हप्त्याहप्त्यानं बाहेर पडलं. पांढरा दगड नेमका कुठल्या दिवशी मागं पडला ते त्यालाही सांगता येत नाही. आम्ही पण बोललो नाही.

त्या पुढच्या थंडीत, पट्ट्या लावून परत येताना त्यानं साबळेचा विषय काढला. साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये लागला. पळण्याच्या स्पर्धांत उतरला तो नंतर, सैन्यात असताना, २०१५ पासून. दादा म्हणाला, "बघ, तो भरती होऊन पळाला. मी भरती व्हायला पळालो." मला ह्यावर काय म्हणावं कळेना. मी म्हटलं, हुरडा खायला येणारेस ना उद्या. तो म्हणाला, येणार की.

आता त्याच्याकडं एक डायरी आहे. भरतीच्या पोरांना तो आठवड्यातले तीन दिवस हळू पळवतो. पोरं ऐकत नाहीत, शिव्या घालतात, म्हणतात सोळाशेला हळू पळून काय उपयोग. त्यातलं एक पोरगं पोलिसात लागलं. एक दोन गुणांनी राहिलं, ते पंधरा दिवस आलंच नाही. दादा त्याच्या घरी गेला आणि म्हणाला, मॅडमच्या मागं गाडी धरायला माणूस पाहिजे. दादाच्या स्वतःच्या घरचे त्याच्या मागं लागलेत, पोलीस भरतीला अठ्ठावीसपर्यंत चालतं, फॉर्म भर. तो भरीन म्हणतो. भरेल का ते मला माहीत नाही. रविवारी सुर्ली घाटात लांबचं पळणं असतं तेव्हा मात्र तो सगळ्यात पुढं असतो, आणि माथ्यावर थांबून प्रत्येकाची वाट बघतो. शेवटचे काका येईपर्यंत खाली कराडकडचे दिवे विझायला लागलेले असतात.

डिसेंबरच्या सुट्टीत कुणाला यायचं असेल तर या. कराडहून विट्याच्या एसटीत बसायचं आणि कडेगावला उतरायचं. राहायची सोय आमच्या माडीवर, जेवायला भाकरी, मेसपेक्षा बरी. येताना टॉर्च, कानटोपी आणि एक कोरडा शर्ट आणा. पाचला स्टँडजवळ चहाच्या गाड्यासमोर सगळे जमतात. आणि वाटेत कुणी म्हैस सुटली काय म्हणून विचारलं, तर काकांसारखं 'व्हय, सुटलीया' म्हणा आणि पळत राहा. एकदा एका आजोबांनी खरंच काठी घेतली होती आणि आमच्याबरोबर अर्धा किलोमीटर आले होते.